कमीत कमी अभ्यासात पास : ही सवय लागते कुठून?



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी संपली की सेमिस्टरची परीक्षा. फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्याने मला सरळच विचारलं, "मावशी, तू शिक्षिका आहेस ना? मग खरं सांग. कमीत कमी अभ्यासात पास कसं व्हायचं?"

बहीण भडकलीच. "इथं आम्ही फी भरतोय आणि ह्याचं हे चाललंय!" मला मात्र हसू आलं, आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. कारण डी.एड.ची दोन वर्षं मीसुद्धा हाच प्रश्न मनात धरून काढली होती. तो असा मोठ्याने विचारायची हिंमत तेवढी नव्हती.

त्या रात्री भाच्याशी जे बोलले ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. तुम्ही म्हणाल, आपण पहिली ते पाचवीची मुलं सांभाळणारे, कॉलेजशी आपला काय संबंध? संबंध आहे. तो शेवटी येईलच.

मुलं नेमकं करतात तरी काय?

भाच्याने मला आपली सगळी युक्ती मोकळेपणाने सांगितली. तुमच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर हे ओळखीचं वाटेल.

१. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणून तेवढीच भरायची. मागच्या बाकावर बसून मोबाइल बघायचा. नाहीच जमलं तर मित्राला प्रॉक्सी लावायला सांगायचं.

२. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट मागच्या वर्षीच्या मुलांकडून घ्यायचे आणि उतरवून काढायचे. आता तर मोबाइलवर ए.आय.ला प्रश्न टाकला की उत्तर तयार. वहीत उतरवण्यापुरतेच कष्ट.

३. पुस्तक विकत घ्यायचंच नाही. गाईड घ्यायचं, त्यातही 'महत्त्वाचे प्रश्न' तेवढेच. ग्रुपवर कुणीतरी खुणा केलेली पानं टाकतंच.

४. पेपरच्या आदल्या रात्री जागायचं. चहा, गाईड आणि घोकंपट्टी.

५. एवढं करूनही एखादा विषय राहिला तर ए.टी.के.टी. आहेच.

आता खरं सांगू का, ही यादी ऐकून मला राग आला नाही. नियमांच्या चौकटीत कमी श्रमात काम कसं भागेल हे शोधणं हा काही गुन्हा नाही. शिवाय सगळीच मुलं आळशी असतात असंही नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारी मेडिकलच्या दुकानात काम करणारी मुलं आहेत. घरचा स्वयंपाक उरकून बस पकडणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याकडे वेळच कमी असतो. त्यांना 'भरपूर अभ्यास कर' असं सांगणं म्हणजे नुसतं बोलणं झालं.

माझा प्रश्न वेगळा होता. या युक्तीत कष्ट खरंच वाचतात का? की फक्त पुढे ढकलले जातात? याचं उत्तर मला माझ्या स्वतःच्या फाइलने दिलेलं आहे.

माझी डी.एड.ची फाइल

ज्यांनी डी.एड. केलंय त्यांना आठवत असेल. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, पाठ निरीक्षणाच्या नोंदी, शैक्षणिक साहित्य, छात्रसेवाकाल. प्रत्येकाची फाइल वेगळी. बाहेरून तपासायला येणार म्हटलं की वसतिगृहात रात्रभर सेलोटेप आणि स्केचपेनचा वास.

मी पाठ टाचणं लिहिली नाहीत, उतरवली. एका सीनिअर ताईची फाइल माझ्याकडे आली होती, तिच्याकडे तिच्या सीनिअरची. उद्दिष्टं, विशिष्टीकरण, प्रस्तावनेचे प्रश्न, फलक लेखन, सगळं जसंच्या तसं. अक्षर छान होतं माझं. निळ्या शाईत मजकूर, काळ्या शाईत मथळे, चारी बाजूंनी समास. गुणही चांगले पडले. सराव पाठालासुद्धा आदल्या रात्री टाचण पाठ करून उभी राहायचे. वर्गातली मुलंही हुशार, बाहेरच्या ताई आल्यात म्हणून शहाण्यासारखी बसायची आणि अपेक्षित उत्तरं द्यायची.

आमच्यातलीच एक मैत्रीण मात्र वेगळी होती. घरी म्हशी होत्या, पहाटेचं दूध काढून, डेअरीला घालून मग ती यायची. वेळ आमच्या सगळ्यांत तिच्याकडे कमी. तिची फाइल अगदी साधी. रंग नाहीत, नक्षी नाही. पण टाचण ती स्वतः लिहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "उतरवायला जास्त वेळ लागतो गं. मला काय शिकवायचंय ते मला माहीत असलं की चार ओळींत होतं." तेव्हा मला वाटलं, हिला गुण कमी पडणार. पडलेही, दोन-चार कमी.

५२ वजा २७

मग नोकरी लागली. दुष्काळी भागातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे.

दुसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते. फळ्यावर लिहिलं, ५२ वजा २७. निम्म्या वर्गाचं उत्तर आलं ३५. का आलं हे आपल्यापैकी ज्यांनी दुसरी शिकवली आहे त्यांना लगेच कळेल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलं साळसूदपणे सातातून दोन वजा करतात आणि मोकळी होतात.

मी सांगितलं, "दोनातून सात जात नाहीत ना? मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. दोनाचे झाले बारा."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, एकच घेतला ना? मग दोनाचे तीन व्हायला पाहिजेत. बारा कसे झाले?"

मी गप्प. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वजाबाकी येत होती. ती तशी का करतात हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "असंच असतं ते. उसना घेतला की दहा होतात." ती मुलगी खाली बसली. तिला पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. त्या दिवशी तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा माळ्यावरून फाइल काढली. आणि पाहते तर काय, त्यात हाच पाठ होता. घटक : वजाबाकी, हातच्याची. माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, 'शिक्षक दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करून दाखवतील. एक दशक म्हणजे दहा एकक हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देतील.' खाली निरीक्षकांची सही आणि 'उत्तम' असा शेरा.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण वाचलं नव्हतं. हात लिहीत होता आणि डोकं मेसमध्ये आज काय भाजी असेल याचा विचार करत होतं.

परत आल्यावर खराट्याच्या काड्या गोळा केल्या, रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे केले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या मुलीच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "यातल्या सत्तावीस मला दे." तिने आधी दोन गठ्ठे उचलून दिले. मग सात सुट्या काड्या देता येईनात, म्हणून जरा थांबली, आणि कुणी न सांगता तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. "बाई, हे दहा सुटले! दहा आन् दोन बारा." तिच्या हातात पंचवीस काड्या उरल्या. मला बोलावंच लागलं नाही.

मी डी.एड.ला वाचवलेले कष्ट असे त्या वर्गात परत आले, आणि ते भरले त्या पोरांनी. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागा नाही. म्हणून भाच्याला मी एवढंच म्हटलं, "पास होशील रे. पण तू टाळलेला अभ्यास पुढे कुणाच्या तरी अंगावर जाणार आहे, हे लक्षात ठेव."

मग कमी कष्ट घेऊच नयेत का?

घ्यावेत की! पण खरोखर कमी घ्यावेत. भाच्याची युक्ती तपासून पाहिली तर त्यात कष्ट भरपूर आणि फळ थोडं आहे. आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच मांडला.

*पहिला हिशेब, बसण्याचा.* थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास शिकवणं असतं. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास. त्यातली ७५ टक्के हजेरी म्हणजे ४५ तास. हे ४५ तास तर त्याला वर्गात बसावंच लागतं. तेवढा वेळ मोबाइलवर घालवायचा आणि मग तेच सगळं झोप मोडून पुन्हा वाचायचं, याला कमी कष्ट कसं म्हणायचं? म्हटलं, "अरे, खरा आळशी असशील तर बसल्या जागीच काम उरकून घे. पुढच्या बाकावर बस. तास संपला की वही मिटून तीन ओळी लिही. एवढंच."

*दुसरा हिशेब, वाचण्याचा.* मुलं परत परत वाचतात, आणि वाचताना ओळखीचं वाटलं की 'झालं आपलं' असं समजतात. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. तो त्यांचा सरासरी १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला, जेमतेम तीन-चार वेळा. उरलेल्या तीन सत्रांत कागदावर आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. वाचन चौथ्या हिश्श्याइतकं, आणि लक्षात राहिलं जास्त. भाचा म्हणाला, "मावशी, हे आधी कुणी का नाही सांगितलं?" त्याचंही बरोबर आहे.

*तिसरा हिशेब, एका रात्रीचा.* जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये आपलं स्मरणशक्तीवरचं काम प्रसिद्ध केलं. अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं, असा त्यांचा खटाटोप. त्यात दिसलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. आणि तीच उजळणी दिवसांत वाटून केली तर कमी वेळा करावी लागते. आपली आजी पाढे रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणून घ्यायची, त्यात हेच होतं. एका रात्री पाच तास बसण्यापेक्षा पाच दिवस रोज एक तास बसलेलं जास्त टिकतं. तास तितकेच, झोप मात्र शाबूत.

*चौथा हिशेब, रंगकामाचा.* २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून मांडल्या. त्यांत ओळींखाली रेघा मारणं, रंगीत पेनने खुणा करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांचा उपयोग कमी आढळला. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी वाटून करणं या दोन पद्धती सर्वांत वर होत्या. माझ्या दोन वर्षांच्या स्केचपेनचा हिशेब असा उशिरा लागला!

जुन्या प्रश्नपत्रिका बघायला मात्र मी त्याला अडवलं नाही. अभ्यासक्रम हातात घेऊन कोणत्या प्रकरणाला किती वजन आहे ते बघणं, पाच वर्षांचे पेपर सोडवणं हे शहाणपणच आहे. फक्त उत्तर बघून वाचायचं नाही, पुस्तक मिटून लिहायचं आणि मग ताडून बघायचं. आणि सगळ्याच विषयांत पहिलं यायला हवं असं नाही. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने कुठे जास्त द्यायचा हे ठरवावंच.

घसारा म्हणजे काय रे?

बोलण्यापुरतं राहू नये म्हणून मी त्याला तिथेच विचारलं, "अकाउंट्समध्ये आत्ता काय चालू आहे?" म्हणाला, घसारा. "मग सांग, घसारा म्हणजे काय?" त्याने गाईडमधली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. म्हटलं, "आता तुझ्या पप्पांच्या टेम्पोचा सांग."

गाडी अडली.

मग आम्ही दोघं बसलो. समजा टेम्पो सहा लाखांना घेतला, दहा वर्षं चालेल आणि शेवटी विकला तर एक लाख येतील. म्हणजे दहा वर्षांत पाच लाख झिजले, वर्षाला पन्नास हजार. पप्पा म्हणतात, यंदा डिझेल आणि देखभाल वजा जाता दोन लाख सुटले. पण झीज धरली तर? "दीडच लाख," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "म्हणजे झीज धरली नाही तर नफा खोटाच दिसतो की!"

दहा मिनिटं लागली. व्याख्या पाठ करायला त्याला याहून जास्त वेळ लागला होता, हे त्यानेच सांगितलं.

आता आपल्याकडे येऊया

कॉलेजचा मुलगा उतरवून काढतो म्हणून आपण नावं ठेवतो. पण उतरवायला त्याला पहिल्यांदा कुणी शिकवलं? शिक्षक मित्रहो, राग मानू नका, आपणच.

धडा संपला की आपण प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहितो आणि मुलं ती वहीत उतरवतात. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर लाल पेनने खोडून 'पुस्तकातलं' उत्तर लिहायला लावतो. वही पूर्ण आहे का ते बघतो, कळलंय का ते बघायला वेळ उरत नाही. प्रकल्प दिला की दुकानातून चित्रांचा तक्ता येतो, आई तो रात्री चिकटवते आणि मूल झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी आपण त्याच प्रकल्पाला शाबासकी देतो. मग मूल शिकतं की काम दिसलं की झालं. पुढे कॉलेजात ते हेच करतं, फक्त सफाईने.

कागदपत्रांचा बोजा आपल्यावरही आहे, मला माहीत आहे. मीही त्याच शाळेत आहे. म्हणून मोठमोठे उपक्रम सुचवत नाही. माझ्या वर्गात जे टिकलं तेवढंच सांगते.

- तास संपताना शेवटची पाच मिनिटं वही-पुस्तक बंद. पाटीवर 'आज काय कळलं' ते दोन ओळींत. पहिलीची मुलं चित्र काढतात किंवा तोंडी सांगतात.
- सोमवारी सकाळी मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न. गुण नाहीत, नोंद नाही. आठवलं नाही तर शेजाऱ्याला विचारायचं.
- आठवड्यातून एकदा तरी एका प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहायचंच नाही. मुलांची पाच वेगवेगळी उत्तरं वाचून दाखवायची. शुद्धलेखन चुकतं, चालतं. ते नंतर बघता येतं.
- मुलाने 'असं का?' विचारलं आणि आपल्याला येत नसेल, तर "मलाही बघावं लागेल, उद्या सांगते" असं म्हणायचं. 'असंच असतं ते' हे वाक्य मी त्या दिवसापासून सोडलं.

आणि पालकहो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. मूल शाळेतून आलं की 'गृहपाठ झाला का' याच्या आधी 'आज काय शिकलास ते मला शिकव' असं म्हणा. तुम्हाला येत असलं तरी येत नाही असं दाखवा. आणि प्रकल्प तुम्ही करू नका. वेडावाकडा होऊ द्या. आम्ही शिक्षक त्याला नावं ठेवणार नाही, हे आमच्याकडून वचन.

शेवटी

भाच्याची परीक्षा झाली. अकाउंट्सचा पेपर चांगला गेला म्हणाला. दुसऱ्या एका विषयात अडकेल असं त्याला वाटतंय, कारण तिथे त्याने जुनीच युक्ती वापरली. खोटं बोलला नाही, याचंच मला बरं वाटलं. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, वर्गात पुढे बसायला लाज वाटते गं. सगळे बघतात." म्हटलं, आठ दिवस बघतील, मग सवय होईल त्यांना.

ती काड्यांवाली मुलगी आता मोठी झाली आहे. काड्यांचे गठ्ठे मात्र अजून माझ्या कपाटात आहेत, रबरं तेवढी दरवर्षी बदलावी लागतात. दुसरीला हातच्याची वजाबाकी आली की मी आधी फळ्यावर काहीच लिहीत नाही. काड्या पुढे ठेवते आणि वाट बघते. 'बाई, एकच घेतला ना?' असं कुणी विचारलं की समजते, आजचा तास चांगला जाणार.

तुमच्या वर्गात असा प्रश्न विचारणारं मूल असेलच. उद्या त्याला खाली बसवण्याआधी एकदा थांबून बघा.